पाण्याची चिप आणि दोन डोक्यांची गाय

१

ऑक्टोबर २००८. माझा पुतण्या तेव्हा दहावीत होता. दिवाळीच्या सुट्टीत तो आमच्याकडे मुलुंडला आला आणि दारात चपला काढता काढताच त्याने विचारले, "काका, त्या गेममधल्या गाईला ब्राह्मण का म्हणतात रे? तू तर पहिल्यापासून खेळलायस ना?"

प्रश्नामागचे कारण मला ठाऊक होते. 'फॉलआउट ३' हा खेळ दिवाळीची भेट म्हणून देण्याचे त्याच्या वडिलांनी कबूल केले होते. त्याच्या घरी एक्सबॉक्स ३६० हे यंत्र होते. पण त्या महिन्यात मायक्रोसॉफ्टने जाहीर केले, की भारतातील सांस्कृतिक संवेदनशीलता लक्षात घेऊन हा खेळ इथे आणला जाणार नाही. अमेरिकेत तो २८ ऑक्टोबरला बाजारात आला. आपल्याकडे त्या दिवशी लक्ष्मीपूजन होते.

मी त्याचा प्रश्न हसण्यावारी नेला. खरे म्हणजे मला उत्तर देता येत नव्हते. नऊ वर्षे ती दोन डोक्यांची गाय मी पडद्यावर पाहत होतो, तिच्या पाठीवरून माल वाहून नेणाऱ्या व्यापाऱ्यांशी घासाघीस करत होतो. तिच्या नावाशी मात्र एकदाही थांबलो नव्हतो. अक्षरजुळणीवर पोट असणाऱ्या माणसाला ही गोष्ट शोभणारी नव्हती. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे फार उशिरा दिलेले उत्तर आहे. ते शोधताना या मालिकेविषयीचे माझे प्रेम आणि माझी तक्रार या दोन्ही गोष्टी एकाच जागी सापडल्या, म्हणून तो लिहावासा वाटला.

२

संगणकावरचे खेळ न खेळणाऱ्या वाचकांसाठी थोडी माहिती द्यायला हवी. 'फॉलआउट'चा पहिला भाग १९९७ साली अमेरिकेतल्या इंटरप्ले कंपनीने काढला. त्याच्या कर्त्यांमध्ये टिम केन हे प्रमुख नाव. दुसरा भाग पुढच्याच वर्षी आला. कथेची पार्श्वभूमी अशी : २३ ऑक्टोबर २०७७ रोजी अमेरिका आणि चीन यांच्यात अणुयुद्ध होते आणि काही तासांत जग बेचिराख होते. थोडी माणसे जमिनीखालच्या निवाऱ्यांत वाचतात. त्यांची नातवंडे-पतवंडे कित्येक वर्षांनी बाहेर येतात, तेव्हा त्यांना जे जग दिसते ते आपण हिंडून पाहायचे. हे भविष्य १९५० च्या दशकातल्या अमेरिकन जाहिरातींनी रंगवलेले आहे. पडक्या भिंतींवर हसऱ्या गृहिणींची चित्रे, मोटारींत अणुभट्ट्या, रेडिओवर जुनी गाणी. उपरोध हा या मालिकेचा स्थायीभाव.

पहिले दोन भाग वरून पाहायचे, पटावरच्या सोंगट्यांसारखे पाळीपाळीने खेळायचे. डोळ्यांसमोर बंदूक धरून नेम साधण्याचा प्रकार आला तो तिसऱ्या भागात. तोवर मालकी बदलली होती. २००७ साली बेथेस्डा कंपनीने मालिकेचे हक्क विकत घेतले होते. नेमबाजी आणि भूमिका वठवणे यांची जी मिसळ आज 'फॉलआउट' या नावाने ओळखली जाते, ती २००८ नंतरची. माझ्या पिढीचे चाहते त्यामुळे थोडे तिरसट झाले आहेत. त्या तिरसटपणात खरे किती आणि म्हातारपण किती, हेही इथे तपासायचे आहे.

मी पहिला भाग खेळलो १९९९ साली. पोखरणच्या चाचण्यांना वर्ष झाले होते. अंधेरी स्टेशनबाहेर पदपथावर मिळालेली सीडी होती, अर्थातच चोरटी. दिवसा ज्या संगणकावर लग्नपत्रिका आणि सोसायट्यांचे वार्षिक अहवाल जुळवायचो, त्याच संगणकावर दुकानाचे शटर अर्धे ओढून रात्री खेळायचो. माझे शिक्षण बारावीपर्यंतचे, तेही मराठी माध्यमातले. खेळात वाचायला मजकूर भरपूर. शेजारी शब्दकोश उघडा ठेवून मी तो संवादागणिक वाचला. माझ्यापुरता तो आधी वाचायचा ग्रंथ होता आणि नंतर खेळ.

३

त्या पहिल्या भागाची सुरुवात पाण्यापासून होते. तेरा क्रमांकाच्या निवाऱ्यातले पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेची चिप बिघडली आहे. बदली चिप शोधून आणायची. मुदत १५० दिवस. पडद्याच्या कोपऱ्यात दिवस कमी होत जातात.

मुलुंडला आमच्या इमारतीत तेव्हा पाणी पहाटे साडेचारला यायचे आणि पाऊण तासात जायचे. मे महिन्यात टँकर. त्यामुळे कोपऱ्यातला तो आकडा मला परका वाटला नाही. खेळातही टँकरवाले आहेत. 'हब' नावाच्या व्यापारी गावात पाणी विकणाऱ्यांना पैसे दिले, तर ते निवाऱ्याकडे पाण्याचा तांडा पाठवतात आणि १०० दिवस वाढवून मिळतात. मी सुटकेचा श्वास टाकला. मग लक्षात आले, की तांडा गेला म्हणजे निवाऱ्याची जागा बाहेर फुटली. ज्या शत्रूचा अजून आपल्याला पत्ताही नाही, तो त्या मागाने लवकर येऊन पोहोचू शकतो.

याहून मोठा धक्का पुढे होता. चिप सापडते ती नेक्रोपोलिस नावाच्या शहराखाली. किरणोत्साराने सोलवटून निघालेली, तरी जिवंत राहिलेली माणसे तिथे राहतात. त्यांचे पाणी त्याच चिपवर चालते. ती नेऊ नका, अशी विनवणी ते करतात. त्यांचा जुना पंप दुरुस्त करून देता येतो, पण त्यासाठी गटारांत उतरून सुटे भाग शोधावे लागतात आणि हाताला दुरुस्तीची कला असावी लागते. माझ्याजवळ दिवस थोडे होते. मी चिप उचलली आणि निघालो. आमच्या निवाऱ्याला पाणी मिळाले. त्या रात्री शटर पूर्ण ओढून घरी जाताना मला बरे वाटत नव्हते, हे नमूद करतो.

मुंबईचे पाणी कुठून येते, हे मी त्यानंतर वाचायला लागलो. विहार, तुळशी सोडल्यास आपली धरणे शहराबाहेर, मुख्यतः ठाणे जिल्ह्यात. तानसा १८९२ पासून आपल्याला पाणी देते, भातसा त्याच शहापूर तालुक्यात. भातसाचे पाणी भांडुपच्या केंद्रात शुद्ध होते आणि तिथून आमच्या नळांना येते. आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. धरण उशाशी आणि हंडे रिकामे. हे वर्तमानपत्रात दरवर्षी छापून येते आणि मी ते दरवर्षी वाचून पुढच्या पानावर जात होतो. चिप उचलून निघून येण्याचा अनुभव घेतल्यावर ती बातमी पुन्हा तशी वाचता आली नाही.

कलाकृतीने वाचकाकडून काहीतरी वसूल करावे लागते, असे माझे मत आहे. पहिला 'फॉलआउट' तसे करतो. शेवटी जो 'मास्टर' भेटतो, त्याला सगळ्या माणसांचे रूपांतर एकाच महाकाय जातीत करायचे आहे, म्हणजे भांडणे संपतील. त्याला गोळ्या घालता येतात. पण त्याच्या प्रजेला संतती होऊच शकत नाही, याचा पुरावा आपण शोधून आणला असेल, तर तो त्याच्यासमोर ठेवून नुसत्या बोलण्याने त्याला हरवता येते. आपली योजना वांझ आहे हे कळल्यावर तो स्वतःच सर्व संपवतो. पुरावा आणल्याशिवाय मात्र वक्तृत्व उपयोगाचे नाही. आणि एवढे करून घरी परतलो की निवाऱ्याचा प्रमुख आपल्याला आत घेत नाही. बाहेरचे जग पाहून आलेला माणूस आतल्यांना बिघडवेल, म्हणून दारातूनच हद्दपारी. ज्यांना पाणी आणून दिले त्यांनीच दार लावले. त्या शेवटाला तोडीस तोड शेवट मला नंतरच्या कुठल्याही भागात दिसला नाही.

४

आता पुतण्याच्या प्रश्नाकडे वळू.

२००८ मध्ये तिसरा भाग जगभर निघाला, तेव्हा तीन देशांत तीन गोष्टी घडल्या. ऑस्ट्रेलियात सरकारी मंडळाने आधी वर्गीकरणच नाकारले, कारण खेळात मॉर्फिन हे खरे औषध वेदनाशामक म्हणून टोचून घेता येत होते. निर्मात्यांनी नाव बदलून 'मेड-एक्स' असे बनावट नाव दिले, आणि ते सगळ्या जगासाठी बदलले. जपानमध्ये दोन फेरफार झाले. खेळात मेगाटन नावाचे गाव आहे. त्याच्या मधोमध न फुटलेला अणुबॉम्ब पडलेला आहे आणि काही भाविक त्याची पूजाही करतात. तो बॉम्ब फोडून गाव नष्ट करण्याचा पर्याय जपानी आवृत्तीतून काढला गेला. 'फॅट मॅन' या शस्त्राचे नावही बदलले, कारण ते नागासाकीवर टाकलेल्या बॉम्बचे नाव. दोन्ही देशांत काहीतरी ठरले, बदलले आणि खेळ पोहोचला.

भारतात काहीच बदलले नाही, कारण खेळच आला नाही. इथे सरकारी बंदी नव्हती, न्यायालयाचा हुकूम नव्हता. कंपनीने तो व्यावसायिक निर्णय असल्याचे सांगितले आणि नेमके काय खटकले ते सांगितले नाही. खेळणाऱ्यांनी मात्र लगेच ओळखले : मालवाहू, दोन डोक्यांची, जिचे मांसही खेळात खाल्ले जाते अशी गाय आणि तिचे नाव 'ब्राह्मिन'.

हे नाव आले कुठून? माझ्या मते उत्तर टेक्सासच्या कुरणांत आहे. अमेरिकेत वशिंड असलेल्या गुरांची 'ब्राह्मन' नावाची एक प्रसिद्ध जात आहे. ती भारतीय गुरांपासून तिकडे तयार केली गेली. १८५४ साली लुइझियानातल्या रिचर्ड बॅरो याला ब्रिटिश सरकारकडून दोन भारतीय वळू मिळाले. १९०६ साली टेक्सासच्या बॉर्डेन याने भारतातून आणखी गुरे नेली. उष्णता आणि गोचीड सहन करणारी गुरे तिकडच्या शेतकऱ्यांना हवी होती. १९२४ साली पैदासकारांची संघटना झाली आणि 'ब्राह्मन' हे नाव तिने रुळवले. या जातीच्या मुळाशी ज्या चार भारतीय जाती सांगितल्या जातात त्या म्हणजे गुजरातची गीर, कांकरेज, आंध्रची ओंगोल आणि चौथी 'कृष्णा व्हॅली'.

ही चौथी आपली कृष्णाकाठची. दक्षिण महाराष्ट्रातल्या संस्थानिकांच्या आश्रयाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, काळ्या चिकट जमिनीच्या नांगरणीसाठी तयार केलेली. म्हणजे सांगली-मिरजेकडच्या शिवारातले रक्त टेक्सासला गेले, तिथे त्याला 'ब्राह्मन' नाव मिळाले. एका खेळात अणुयुद्ध होऊन तिला दुसरे डोके फुटले, नावातले एक अक्षर बदलून 'ब्राह्मिन' झाले. आणि ती माहेरी येऊ लागली तेव्हा माहेरच्यांना न विचारताच तिला वेशीवर थांबवण्यात आले.

या प्रवासाची मौज वाटते, पण समीक्षकाने मौजेवर थांबू नये. या नावात अपमान आहे का? मला तो हेतू दिसत नाही. दिसतो तो आळस. ही मालिका अमेरिकन जाहिरातींची, देशभक्तीची, यंत्रपूजेची टर उडवते, आणि तिथे तिची प्रत्येक कोटी कशावर तरी नेम धरून केलेली असते. 'ब्राह्मिन' या कोटीला नेमच नाही. ज्या शब्दाच्या मागे आमच्याकडे अडीच हजार वर्षांची उतरंड आहे, तो शब्द ओझ्याच्या जनावराला देऊन झाल्यावर पुढे त्याचे काय, हा विचार एवढ्या भागांत कुठे केलेला मला आढळला नाही. केला असता तर तो तिखट विनोद झाला असता. हा नुसता ध्वनिसाम्याचा विनोद राहिला.

आणि दुसरी बाजू. मराठीत १८६९ साली 'ब्राह्मणांचे कसब' आणि १८७३ साली 'गुलामगिरी' छापली गेली. गाय ही देवता न मानता उपयुक्त पशू मानावी, असे सावरकरांनी मराठीतच लिहिले. एकमेकांपासून इतक्या दूरच्या माणसांनी हे दोन्ही शब्द आमच्याच भाषेत फोडून पाहिले, लोक चिडले, उत्तरे दिली गेली, आणि भाषा शाबूत राहिली. त्या भाषेच्या वाचकाला पडद्यावरची एक गाय झेपणार नाही, हे परस्पर गृहीत धरले गेले याचे मला आजही वाईट वाटते. खेळ आला असता तर कुणी रागावले असते, कुणी माझ्यासारखे उशिरा विचारात पडले असते. भांडण टळले, पण त्याबरोबर विचारही टळला. पुतण्याच्या पिढीला या प्रसंगातून एवढेच कळले, की आपल्याकडे असले काही चालत नाही.

५

पुढे एका परिचिताने परदेशातून संगणकावरची प्रत आणली आणि आम्ही काका-पुतण्यांनी ती मिळून खेळली. निवाऱ्यातून बाहेर पडल्यावर डोळे दिपतात आणि मग उद्ध्वस्त वॉशिंग्टन हळूहळू दिसू लागते, तो क्षण मी विसरलेलो नाही. एखाद्या पडक्या घरात दोन सांगाडे हातात हात घालून पडलेले दिसतात. काही न बोलता गोष्ट सांगण्याची ही कला बेथेस्डाने मोठ्या उंचीवर नेली, हे तिरसटपणा बाजूला ठेवून मान्य केले पाहिजे.

पण कथा पुन्हा पाण्याचीच आहे, आणि तिथेच फरक कळतो. इथे गावांच्या वेशीवर भिकारी शुद्ध पाणी मागतात. बाटली दिली की पुण्य वाढते. पुन्हा दिली की पुन्हा वाढते. चोऱ्या करून यावे, खून करून यावे, पाच-पन्नास बाटल्या वाटाव्यात, खाते कोरे. नेक्रोपोलिसमध्ये जे पाप पंप दुरुस्त केल्याशिवाय टळत नव्हते, ते इथे घाऊक दराने धुऊन निघते.

शेवटाचेही तसेच. जलशुद्धीकरण यंत्र चालू करायला कुणीतरी किरणोत्साराने भरलेल्या खोलीत जाऊन मरायला हवे. आपल्यासोबत फॉक्स नावाचा साथीदार असू शकतो, ज्याला किरणोत्सार बाधत नाही. त्याला सांगितले तर तो नकार देतो : हे तुझे भाग्य आहे. चाहते खवळले आणि त्यांचे चूक नव्हते. हा त्याग लेखकाने जबरदस्तीने लादलेला होता. पण २००९ च्या पुरवणीत निर्मात्यांनी केलेली दुरुस्ती मला मूळ चुकीहून वाईट वाटते. आता साथीदार जाऊ शकतो, आणि आपण गेलो तरी मरत नाही. काही दिवसांनी जागे होऊन खेळ पुढे चालू. त्याग खोटा वाटला म्हणून तो खरा करण्याऐवजी फुकट करण्यात आला.

२०१० चा 'न्यू व्हेगास' ऑब्सिडियन कंपनीने केला. जुन्या भागांवर काम केलेले काही लोक तिथे होते. त्यातला झगडा हूवर धरणासाठी आहे : कोलोरॅडो नदीचे पाणी आणि वीज कुणाच्या हातात असावी. कुठलाही पक्ष निवडला तरी कुणाच्या तरी घरादाराचा घास जातो आणि शेवटी त्याचा हिशेब वाचून दाखवला जातो. अंतिम लढाईतल्या सेनापतीला शब्दांनी माघारी पाठवता येते. मला ती घरवापसी वाटली. पुतण्याला लढाया कंटाळवाण्या वाटल्या.

२०१५ चा चौथा भाग पहिल्याच दिवशी १ कोटी २० लाख प्रतींनी दुकानांत पोहोचला. त्यात संवादाला चारच बटणे आहेत, आणि पुष्कळदा चारही एकाच दिशेला नेतात. हातपंप बसवायचा तर थोडे भंगार द्यायचे आणि बटण दाबायचे. शुद्धीकरण यंत्रे रांगेने उभी करून पाणी विकून श्रीमंत होणे, ही खेळाडूंची नेहमीची युक्ती आहे. म्हणजे ज्या टँकरवाल्यासमोर पहिल्या भागात मी हात जोडून उभा होतो, तो टँकरवाला आता मीच. २०१८ च्या 'फॉलआउट ७६' मध्ये सुरुवातीला बोलायला माणसेच नव्हती, फक्त ध्वनिफिती, यंत्रमानव आणि इतर खेळाडू. माणसे २०२० मध्ये आणावी लागली. त्यात तहान लागण्याचीही व्यवस्था होती, पाणी न प्यायल्यास शरीर खंगत असे. लोकांना ते जाचक वाटले आणि पुढे ती शिक्षा काढून टाकण्यात आली. आता पाणी प्यायले तर फायदा, न प्यायल्यास काही बिघडत नाही.

माझी तक्रार एवढीच आहे. जी मालिका तहानेपासून सुरू झाली, तिच्यात आता कुणाला तहान लागत नाही.

६

हा लेख पुतण्याला पाठवला. तो आता पस्तिशीला आला आहे, पुण्यात नोकरी करतो. त्याचा फोन आला. म्हणाला, "काका, तुझं सगळं पटतं. पण चौथा भाग मी खेळलो तेव्हा रोज बारा तास काम करत होतो. घरी आल्यावर तिथे एक वस्ती बांधायचो, विहीर काढायचो, चार माणसांना झोपायला जागा द्यायचो. ते फुकट मिळायचं म्हणूनच बरं वाटायचं. खऱ्या आयुष्यात किंमत मोजतोच आहे की."

या युक्तिवादाला माझ्याजवळ पुरे उत्तर नाही. ज्याला दिवसभर किंमत मोजावी लागते, त्याने रात्रीही ती मोजावी असा आग्रह धरणारा मी कोण? १९९९ मध्ये माझेही दिवस सोपे नव्हते, पण म्हणून माझी चव ही सर्वांची कसोटी ठरत नाही. तरी एक गोष्ट मी त्याला सांगितली. विहीर काढून मिळालेले समाधान त्याला आठवते. मला न दुरुस्त केलेला पंप आठवतो, आणि त्या पंपामुळे मी शहापूरची बातमी शेवटपर्यंत वाचायला शिकलो. दोन्ही आठवणी खऱ्या आहेत. मला मालिकेकडून दुसऱ्या प्रकारची आठवण हवी आहे, आणि ती ज्या दिवशी पुन्हा देईल त्या दिवशी मी तक्रार मागे घेईन.

२०२४ च्या एप्रिलमध्ये या खेळावरची मालिका प्राइम व्हिडिओवर आली, भारतातही. कुणालाही वेशीवर थांबवले गेले नाही. त्या महिन्यात मी पहिला भाग पुन्हा सुरू केला. या वेळी प्रत पैसे देऊन घेतलेली. नेक्रोपोलिसला पोहोचलो तेव्हा थोडेच दिवस शिल्लक होते. गटारांत उतरलो, सुटे भाग शोधले, पंप चालू केला आणि मगच चिप काढली. निवाऱ्यात पोहोचलो तेव्हा मुदतीतले सहा दिवस उरले होते. दुकानाबाहेर आलो तर पहाटेचे साडेचार वाजत होते आणि समोरच्या इमारतीत पाण्याच्या मोटारी सुरू होत होत्या.